मोबाईलवर शहर वसवायचं, तर खर्च किती?

प्ले स्टोअरवर या खेळांच्या नावाखाली किंमत नसते. ‘इन्स्टॉल’ एवढंच बटण आणि त्याच्या आसपास बारीक अक्षरांत दोन सूचना: जाहिराती आहेत, अ‍ॅपमध्ये खरेदी आहे. खर्चाचा सगळा मामला या दोन सूचनांत आहे आणि बहुतेक जण त्या न वाचताच पुढे जातात. सोलापूरच्या नवी पेठेतला दुकानदार दुपारी गिऱ्हाईक नसताना, जुळे सोलापुरातल्या निवृत्त बाई संध्याकाळी गॅलरीत, हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला निघालेली पोरं चार तासांच्या प्रवासात, असे सारख्या रंगाच्या फरशा जुळवून शहर वसवणारे आता सगळीकडे आहेत. त्यांनी खेळू नये असं मला अजिबात सांगायचं नाही. फक्त कॉइन, हिरे, तारे आणि विटा या चलनांचा भाव रुपयांत काढता यायला हवा. तो काढला की पैसे कुठे टाकावेत आणि कुठे टाकू नयेत हे वेगळं सांगावं लागत नाही. तरी मी सांगणार आहे.

खेळ दोन तऱ्हेचे असतात. पहिल्या तऱ्हेत फरशी जुळवणं हेच बांधकाम. याचं सगळ्यात नेटकं उदाहरण म्हणजे २०१० साली आलेला ‘ट्रिपल टाऊन’. गवताचे तीन तुकडे शेजारी आले की झुडूप होतं, तीन झुडपांचं झाड, तीन झाडांची झोपडी, तीन झोपड्यांचं घर, आणि असं करत करत थेट किल्ल्यापर्यंत. मध्येच अस्वलं येऊन मोक्याची जागा अडवून बसतात. तो बनवणारी स्प्राय फॉक्स ही कंपनी नेटफ्लिक्सने २०२२ मध्ये विकत घेतली. दुसरी तऱ्हा जास्त पसरली. तिच्यात फरशा फोडून तारे किंवा कॉइन मिळवायचे आणि त्यांवर बाग, वाडा, राजमहाल किंवा अख्खं गाव उभं करायचं. प्लेरिक्स कंपनीचे ‘गार्डनस्केप्स’ (२०१६) आणि ‘होमस्केप्स’ (२०१७), इस्तंबूलच्या ड्रीम गेम्सचा ‘रॉयल मॅच’ (२०२१) हे सगळे याच वळणाचे. प्लेरिक्सचाच ‘टाऊनशिप’ शेती पिकवत शहर वाढवायला लावतो.

सोलापूरकरांना हे खेळ भावण्याला एक कारणही आहे. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने स्मार्ट सिटीची पहिली वीस नावं जाहीर केली, त्यात सोलापूर नवव्या क्रमांकावर होतं. त्यानंतरची खोदाई ज्यांनी पाहिली, त्यांना बोट फिरवताच चकचकीत होणाऱ्या रस्त्याचं अप्रूप का वाटतं ते समजावून सांगायला नको.

इन्स्टॉल करण्याआधी दोन मिनिटं

प्ले स्टोअरवर खेळाच्या पानावर ‘या अ‍ॅपविषयी’ हा भाग उघडा आणि तळाशी जा. तिथे अ‍ॅपमधल्या खरेदीचा पल्ला रुपयांत दिलेला असतो: सगळ्यात स्वस्त वस्तू इतक्याची, सगळ्यात महाग इतक्याची. आयफोनवर ॲप स्टोअरच्या पानावर ‘इन-अ‍ॅप पर्चेसेस’ उघडलं की वस्तूंची नावं आणि किमतींची यादीच मिळते. पल्ल्याचा वरचा आकडा बघा. तो तीन अंकी असेल तर खेळ बऱ्यापैकी सभ्य आहे असं धरायला हरकत नाही. चार किंवा पाच अंकी असेल तर कुणाच्या तरी खिशातून एका टिचकीत तेवढे पैसे निघतात म्हणूनच ती वस्तू दुकानात मांडलेली आहे. हे खेळ एक पैसाही न देणाऱ्या मोठ्या गर्दीवर आणि भरपूर देणाऱ्या थोड्या लोकांवर चालतात. आपण कोणत्या बाजूला असणार हे इन्स्टॉल करतानाच ठरवलेलं बरं.

दुसरी गोष्ट, जाहिरातीवर विश्वास ठेवून खेळ घेऊ नका. राजाच्या अंगावर लाव्हा येतोय, खिळा ओढून त्याला वाचवा, अशा जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. गार्डनस्केप्स आणि होमस्केप्सच्या अशाच जाहिरातींवर ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणाने २०२० मध्ये बंदी घातली, कारण जाहिरातीत दिसणारी कोडी प्रत्यक्ष खेळात फार क्वचित येत होती. आतला खरा खेळ फरशा जुळवण्याचाच होता. भारतात अशी जाहिरात दिसली तर निदान इतकं लक्षात असू द्या की आत शिरल्यावर काहीतरी वेगळंच निघू शकतं.

कॉइनचे रुपये करा

पहिलं चलन म्हणजे लाईफ. ‘कँडी क्रश सागा’ने २०१२ मध्ये रूढ केलेला हिशेब अजून चालतो: लाईफ पाच, हरलात की एक गेली, दर ३० मिनिटांनी एक परत. पाचही संपल्या तरी अडीच तासांत फुकट भरतात. त्यामुळे लाईफ विकत घेणं हा दुकानातला सगळ्यात वाईट सौदा आहे. जी वस्तू स्वयंपाक उरकून जेवण होईपर्यंत आपोआप मिळणार, तिचे पैसे का द्यायचे? सोलापूरकराला वाट पाहायला कुणी शिकवायची गरज नाही. नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार याची वाट पाहण्यात आपल्या पिढ्या तयार झाल्या आहेत. फारच घाई असेल तर खेळातल्या एखाद्या ‘टीम’मध्ये शिरा. बऱ्याच खेळांत टीममधली माणसं एकमेकांना लाईफ देऊ शकतात आणि त्याचा खर्च शून्य.

दुसरं चलन म्हणजे मूव्ह, आणि खरी कात्री इथेच लागते. लेव्हल संपत आलेली असते, दोन फरशा उरलेल्या असतात आणि मूव्ह संपतात. पडद्यावर विचारणा येते: आणखी पाच मूव्ह हव्यात का? रॉयल मॅचसारख्या खेळात त्या पाच मूव्हना ९०० कॉइन लागतात. नऊशे हा आकडा ऐकून काहीच बोध होत नाही, आणि होऊ नये अशीच त्याची रचना आहे. म्हणून कागदावर मांडून बघा. समजा हजार कॉइनचं पाकीट तुमच्या फोनवर १७९ रुपयांना दिसतंय. तर ९०० कॉइन म्हणजे १६१ रुपये. पाच मूव्हना १६१, म्हणजे एक मूव्ह ३२ रुपयांना. बोटाची एक हालचाल, ३२ रुपये. शिवाय त्या पाच मूव्हमध्ये लेव्हल सुटेलच याची हमी नाही, कारण वरून कोणत्या रंगाच्या फरशा पडणार ते तुमच्या हातात नसतं. नाही सुटली तर पुन्हा पाच मूव्ह देऊ केल्या जातात आणि या वेळी भाव चढलेला असतो.

उरलेल्या शंभर कॉइनकडेही लक्ष द्या. हजारांचं पाकीट, नऊशेचा खर्च, शंभर खिशात. ते कशालाच पुरत नाहीत, पण ‘थोडेच कमी पडतायत’ ही भावना जागी ठेवतात. तुमच्या खेळातले आकडे वेगळे असतील, पाकिटाची किंमतही वेगळी असेल, कारण सवलती माणसागणिक आणि दिवसागणिक बदलतात. शेजारणीला ८९ ला दिसणारं पाकीट तुम्हाला १९९ ला दिसू शकतं. पण भागाकार तोच: पाकिटाचे रुपये भागिले कॉइन, गुणिले मागितलेले कॉइन. मोबाईलमध्येच कॅल्क्युलेटर आहे. किमतीवर वेगळा कर पडत नाही, प्ले स्टोअरवर दिसणाऱ्या आकड्यात १८ टक्के जीएसटी धरलेलाच असतो. म्हणजे १७९ मधले साधारण २७ रुपये सरकारचे.

सिद्धेश्वराच्या यात्रेत गड्ड्यावर रिंग टाकायच्या स्टॉलपाशी प्रत्येक फेरीला खिशातून नोट काढावी लागते, म्हणून तिसऱ्या-चौथ्या फेरीला हात आपसूक आखडतो. खेळातले कॉइन ही नोट मध्ये येऊच देत नाहीत. पैसे एकदाच, पाकीट घेताना दिलेले असतात आणि नंतर उडवताना ते पैसे वाटतच नाहीत. त्यामुळे माझा एकच नियम: अडलेल्या लेव्हलवर, त्या क्षणी, कधीही काही विकत घ्यायचं नाही. घ्यायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा झाल्यावर. सकाळी त्या पाच मूव्हची गरज फार थोड्या लोकांना वाटते.

तिसरा प्रकार म्हणजे महिन्याचा किंवा हंगामाचा पास. ‘गोल्डन पास’, ‘रॉयल पास’ अशी नावं असतात. पैशाच्या मानाने हा सौदा कॉइनच्या पाकिटापेक्षा बरा, पण घ्यायची वेळ चुकते. हंगाम सुरू होताच पास घ्या असा तगादा असतो. घाई करू नका. बहुतेक खेळांत पास शेवटच्या दोन दिवसांत घेतला तरी तोपर्यंत तुम्ही ज्या पायऱ्या गाठल्या, त्यांची सगळी बक्षिसं एकदम मिळतात. म्हणजे आधी महिनाभर फुकट खेळायचं, किती पायऱ्या झाल्या ते बघायचं, आणि पटलं तरच पैसे द्यायचे. निम्म्या पायऱ्याही झाल्या नसतील तर पास आपल्यासाठी नव्हताच.

मग येतो गल्ला. तुम्ही लेव्हल जिंकत जाता तसतसे एका डुकराच्या पोटात कॉइन साठत जातात. साठवले तुम्हीच, पण डुक्कर फोडायला पैसे खेळवाल्याला द्यायचे. भरलेल्या गल्ल्याचा भाव दुकानातल्या पाकिटापेक्षा थोडा स्वस्त पडतो हे खरं. तरीही माझं मत: फोडू नका. एकदा फोडला की तो रिकामा गल्ला पुन्हा भरायला लागतो आणि आपण खेळ खेळायचा सोडून गल्ला भरायला खेळू लागतो.

‘फक्त १५ मिनिटं शिल्लक’ असं उलट मोजणारं घड्याळ, ‘नको, मला हरायचंय’ असं लिहिलेलं नकाराचं बटण, पुन्हा पुन्हा तीच विचारणा, हे सगळं योगायोगाने होत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ‘डार्क पॅटर्न’ रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि अशा तेरा क्लृप्त्या नावानिशी नोंदवल्या. खोटी घाई, नकार देणाऱ्याला लाजवणं, सतत टोचणी लावणं, वर्गणीत अडकवणं या त्यांतल्याच. तुमच्या खेळात ते घड्याळ संपलं आणि दुसऱ्या दिवशी तीच सवलत पुन्हा हजर झाली, तर दोन्ही वेळचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. पुढे तक्रार करायची ठरली तर ते कामाला येतात.

एक रुपयाही न देता खेळलो तर?

तरी खर्च होतो, फक्त वेगळ्या खिशातून. आधी डेटा. एका जादा लाईफसाठी तीस सेकंदांची जाहिरात बघावी लागते. एका जाहिरातीला चार-पाच एमबी धरा, दिवसाला वीस जाहिराती धरा, तर रोजचे शंभर एमबी, महिन्याचे तीन जीबी. रोज दीड-दोन जीबीचा पॅक असणाऱ्याला हे जाणवणारही नाही. ज्यांचा डेटा तुटपुंजा आहे त्यांना जाणवेल. जुलै २०२४ च्या दरवाढीत जिओचा एक जीबीचा जादा पॅक १५ रुपयांवरून १९ वर गेला. त्या भावाने तीन जीबी म्हणजे ५७ रुपये. यावर सोपा उपाय असा की असे बरेच खेळ नेटशिवायही चालतात. विमानाचं चिन्ह दाबून नेट बंद करा आणि खेळा, मध्येच येणाऱ्या जाहिराती गायब. हुतात्मामध्ये मध्येमध्ये रेंज जाते तेव्हा खेळ चालू राहतो की अडतो, यावरून तुमचा खेळ कोणत्या जातीचा ते कळेल. तोटा इतकाच की जाहिरात पाहून मिळणारं बक्षीस नेट नसताना मिळत नाही.

जाहिरात बंद करायची फुली मुद्दाम बारीक आणि भलत्या कोपऱ्यात असते. तिच्याऐवजी जाहिरातीवर बोट पडलं की थेट दुसऱ्या खेळाच्या पानावर. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाईलवर पत्त्यांचा डाव दिसणारा व्हिडिओ राज्यभर गाजला. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो, असा त्यांचा खुलासा होता. त्यावर लोकांनी काय म्हणायचं ते म्हटलं, पण फुली सापडत नाही ही तक्रार काही खोटी नाही. एखाद्या जाहिरातीला फुलीच दिसत नसेल तर अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. त्या वेळचं बक्षीस बुडतं, बाकी काही बिघडत नाही.

विजेचा खर्च नगण्य आहे. ५००० एमएएचची बॅटरी एकदा पूर्ण भरायला, वाया जाणारी वीज धरून, साधारण २५ वॅट-तास लागतात. म्हणजे एका युनिटमध्ये चाळीस वेळा. युनिट दहा रुपयांचं धरलं तरी एका चार्जिंगचे २५ पैसे. खरी झीज बॅटरीची होते. ॲपल आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये दुपारी पारा चाळिशीच्या वर असतो. तशात फोन चार्जिंगला लावून त्यावर तासभर भडक रंगांचा खेळ खेळला की मागची बाजू इस्त्रीसारखी तापते. उन्हाळ्यात दोन गोष्टी पाळा: चार्जिंग चालू असताना खेळू नका आणि जाड कव्हर काढून ठेवा. बॅटरी बदलायची वेळ आली तर तेवढ्यात वर्षभराचे पास आले असते.

वेळेचा हिशेब मी फार ताणत नाही. रोज एक तास म्हणजे वर्षाला ३६५ तास, पंधरा दिवस आणि पंधरा रात्री. तो करमणुकीत गेला असं वाटत असेल तर ठीकच आहे.

पैसे द्यायचेच असतील तर

जाहिराती आणि अडवणूक नको असेल आणि महिन्याला शंभरच्या आसपास खर्च चालणार असेल, तर कॉइनच्या पाकिटाकडे न जाता वर्गणीकडे जा. गुगलचा प्ले पास भारतात २०२२ मध्ये आला तेव्हा महिन्याला ९९ रुपये आणि वर्षाला ८८९ असा दर होता, म्हणजे वार्षिक घेतला तर महिन्याला ७४ पडतात. त्यातल्या खेळांत जाहिराती नसतात आणि आतल्या खरेदीच्या वस्तू वर्गणीतच मोकळ्या होतात. आयफोनवाल्यांसाठी ॲपल आर्केड २०१९ मध्ये ९९ रुपये महिना या दराने सुरू झालं. नेटफ्लिक्सची वर्गणी घरात आधीच असेल तर त्यांच्या अ‍ॅपमध्ये ‘गेम्स’ बघा. १४९ रुपयांच्या मोबाईल प्लॅनवरही ते खेळ जाहिरातीशिवाय आणि आतल्या खरेदीशिवाय मिळतात. आपण पैसे भरतोय आणि खेळ घेत नाही, अशी घरं बरीच असतील. दर बदलत राहतात, वर्गणी भरताना पडद्यावरचा आकडा वाचूनच पुढे जा. आणि तुमचा ठरलेला खेळ त्या यादीत आहे का ते आधी तपासा. गर्दीचे मोठे खेळ बहुतेकदा त्या यादीत नसतात, कारण त्यांचा धंदाच कॉइनवर चालतो.

संगणक असेल तर एकदाच पैसे देऊन कायमचा मिळणारा खेळ मला सगळ्यात पटतो. बर्लिनमधल्या तरुणांनी बनवलेला ‘डॉर्फरोमांटिक’ २०२२ मध्ये पूर्ण झाला. षटकोनी फरशा कडेला कडा जुळवून लावायच्या, जंगलाला जंगल, रुळाला रूळ, घराला घर, आणि हळूहळू गाव तयार होतं. ना लाईफ, ना घड्याळ. स्टीमवर सवलतीच्या दिवसांत घेतला तर आणखी स्वस्त पडतो. आणि मोबाईलच बाजूला ठेवायचा असेल तर ‘कार्कासोन’ हा २००० साली निघालेला जर्मन बैठा खेळ आहे. पुठ्ठ्याच्या फरशा जुळवून तटबंदीची शहरं आणि रस्ते बांधायचे. तो स्वस्त नाही, पण चार-पाच जणांचं घर वर्षानुवर्षं खेळतं आणि त्यात कुणी ‘आणखी पाच मूव्ह’ विकायला येत नाही.

कुलूप कुठे लावायचं

आपल्याकडे एक बरं आहे. कार्डाला ओटीपी आणि यूपीआयला पिन लागत असल्याने एका टिचकीत बँकेतले पैसे सहसा जात नाहीत. पण तीन वाटा उघड्या राहतात. पहिली, प्ले स्टोअरच्या खात्यात आधीच भरलेली शिल्लक. दुसरी, मोबाईलच्या बिलातून किंवा बॅलन्समधून पैसे वळते करायची सोय. तिसरी, घरातल्या आठवीतल्या मुलाला पाठ असलेला तुमचा पिन. पहिल्या दोन वाटांसाठी प्ले स्टोअरमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या तुमच्या फोटोवर टिचकी मारा, सेटिंग्जमध्ये जा आणि प्रत्येक खरेदीला पडताळणी मागायला लावा. पैसे देण्याच्या पद्धतींमध्ये मोबाईल बिलाची सोय चालू असेल तर ती काढून टाका. तिसऱ्या वाटेसाठी पिन बदला, आणि मुलाचं वेगळं खातं करून ‘फॅमिली लिंक’ने जोडा. मग तो काहीही विकत घ्यायला गेला की परवानगीची विचारणा तुमच्या फोनवर येते.

प्ले स्टोअरमध्ये महिन्याचं बजेट ठरवायचीही सोय आहे, पण तिच्यावर विसंबू नका. ती फक्त इशारा देते, खरेदी थांबवत नाही. त्यापेक्षा जुनी युक्ती चांगली: खात्याला ना कार्ड जोडा ना यूपीआय. महिन्याला ठरलेल्या रकमेचं गुगल प्लेचा रिचार्ज कोड घ्या आणि तेवढंच भरा. संपलं की संपलं. पुढचं पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला. मात्र असा कोड एकदा वापरला की त्याचे रोख पैसे परत होत नाहीत, म्हणून लहान रकमेचाच घ्या.

वर्गणीबद्दल एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा: अ‍ॅप फोनवरून काढून टाकलं म्हणून वर्गणी बंद होत नाही. ती प्ले स्टोअरच्या ‘सदस्यत्वं’ या पानावरून वेगळी रद्द करावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना २४ तास आधी येते आणि १५ हजार रुपयांपर्यंतच्या वर्गणीला दर वेळी ओटीपी लागत नाही. म्हणजे तो एसएमएस दुर्लक्षित केलात तर पैसे गेलेच. यूपीआय अ‍ॅपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ नावाचं पान उघडून वर्षातून दोनदा तरी बघा. विसरलेल्या तीन-चार वर्गण्या तिथे सापडल्या तर नवल मानू नका.

पैसे गेले, आता?

पहिले ४८ तास मोलाचे. प्ले स्टोअरवरून केलेली खरेदी परत करायची विनंती त्या मुदतीत थेट गुगलकडे करता येते. मुलाने किंवा घरातल्या कुणी चुकून घेतलं असेल तर अर्जात तसंच लिहा. ४८ तासांनंतर गुगल बहुधा खेळ बनवणाऱ्या कंपनीकडे बोट दाखवतं. अनोळखी माणसाने तुमच्या खात्यातून खरेदी केली असेल तर मात्र १२० दिवसांपर्यंत कळवता येतं. आयफोनवर ॲपलच्या ‘रिपोर्ट अ प्रॉब्लेम’ पानावर जायचं. गुगलचा ऑर्डर क्रमांक ‘जीपीए’ या अक्षरांनी सुरू होतो आणि ईमेलवर आलेल्या पावतीत असतो. पैसे मिळाले तर विकत घेतलेले कॉइन परत जातात. ते उडवून झाल्यावर पैसे मागितले तर नकार येण्याची शक्यता वाढते, म्हणून आधी अर्ज करा, मग खेळा.

दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मराठीत बोलता येतं. तिथेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथेच तक्रार करायची मुभा दिली आहे. कंपनी डब्लिनची असो की इस्तंबूलची, सोलापूरकराने सोलापुरातच दाखल करायची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, अर्ज ‘ई-जागृती’ पोर्टलवरून होतो. आता खरं सांगायचं तर १७९ रुपयांसाठी कुणी आयोगाची पायरी चढणार नाही आणि चढूही नये. मुलाने महिन्याभरात वीस-तीस हजार उडवले असतील तर चढा. अल्पवयीनाने केलेला करार आपल्या कायद्यात टिकत नाही, हा मुद्दा अर्जात जरूर मांडा.

जुळवाजुळवीचा मुखवटा घातलेले

‘फरशा जुळवा आणि रोज ५०० रुपये कमवा’ अशी जाहिरात दिसली तर तो वेगळा मामला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्यावर सही केली. पैसे लावून पैसे जिंकायचे खेळ, मग ते नशिबाचे असोत की कौशल्याचे, या कायद्याने बंद ठरवले. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. करमणुकीसाठी खेळायचे, ज्यांत कॉइन विकत घेता येतात पण त्यांचे परत रुपये होत नाहीत, असे खेळ त्यातून वगळले आहेत. तेव्हा ओळख सोपी: आत टाकलेले पैसे परत मिळतील असं जो खेळ सांगतो, त्याच्यापासून लांब राहा.

‘फुकट अमर्याद कॉइन’ देणाऱ्या साइट आणि टेलिग्रामवरून मिळणाऱ्या ‘मॉड’ एपीके फाइल यांचा खर्च सगळ्यात जास्त येऊ शकतो. अशा फाइलला एसएमएस वाचायची परवानगी दिली की बँकेचा ओटीपीही तिला वाचता येतो. पैसे गेलेच तर बँकेला फोन आणि लगेच १९३०. सायबर गुन्ह्याच्या हेल्पलाइनवर जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त.

फोन बदलणाऱ्यांसाठी राहिलेली एक गोष्ट. खेळातली प्रगती आणि विकत घेतलेले कॉइन बऱ्याचदा फोनमध्येच असतात. खेळाच्या सेटिंग्जमध्ये जाऊन गुगल, ॲपल किंवा फेसबुक खात्याशी तो जोडून घ्या, मगच जुना फोन दुकानात द्या. फोन देण्याआधी प्ले स्टोअरमधून तुमचं खातं काढून टाका आणि फोन फॅक्टरी रिसेट करा, नाहीतर तुमच्या शिल्लक रकमेवर दुसरंच कुणी शहर वसवेल.